इंजिन शेवटी बसवायचं

(तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त वर्कशॉप शिक्षकाने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात. डाव्या हाताला हे पुठ्ठ्याचं खोकं, त्यात सायकलला लावायचं पेट्रोल इंजिनचं किट. उजव्या हाताला आपल्या काळ्या सायकलचं मागचं चाक, रिमला थोडा गंज चढलेलं. तुमच्या सगळ्यांच्या नजरा खोक्यावर आहेत, इथून दिसतंय मला. साहजिक आहे. मीही पहिल्यांदा असंच खोकं फोडलं होतं आणि आधी इंजिनच हातात घेतलं होतं. पण आज मी जास्त करून चाकाबद्दल बोलणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मागच्या बाकावरच्यांना चहाला सटकायचं असेल तर सटकता येईल.

हे टू-स्ट्रोक इंजिन. चीनमध्ये बनतं, जगभर विकलं जातं. विकणारे त्याला 80 सीसी म्हणतात. बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 47 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 38. वहीत सिलिंडरचं घनफळ काढून बघा, 66 सुद्धा पुरते भरत नाहीत. दुधात पाणी घालायची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

आता वेगाचं गणित. इंजिनच्या पोटात 20 दात्यांचा गिअर 82 दात्यांच्या गिअरला फिरवतो. बाहेर 10 दात्यांचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, आणि मागच्या चाकावर 44 दात्यांचं मोठं. म्हणजे इंजिन साधारण 18 वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. इंजिन मिनिटाला 4500 फेरे मारत असेल तर चाक 250. 26 इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या जरा वर धरा. उत्तर येतं ताशी 31 किलोमीटर. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आमची स्कूटी याच्या दुप्पट पळते. पळते. पण स्कूटी त्यासाठीच बनवलेली आहे. ही सायकल दूधवाल्याने रोज 15 च्या वेगाने चालवावी म्हणून बनली. वेग दुप्पट झाला की ब्रेकला मारायची ऊर्जा चौपट होते, हे तुम्ही नववीतच शिकलात. परीक्षेत लिहिलंतही. उतारावर आठवतं का, हा खरा प्रश्न.

हा उद्योग काही आजचा नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये जपानच्या हामामात्सु गावात सोइचिरो होंडांना लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणारी छोटी इंजिनं मिळाली. युद्ध संपलं, इंजिनांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्यांनी ती सायकलींना बसवायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्यावर पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं असेल? थंडीत अंथरुणात पाय शेकायला घेतात ना, ती गरम पाण्याची पत्र्याची बाटली! आपल्या गॅरेजवाल्याला हे ऐकून फार बरं वाटेल. सुरुवातीला इंजिन पुढच्या चाकावर, टायरवर रोलर घासून चाक फिरवायचं. ते जमेना, म्हणून इंजिन फ्रेमच्या मध्ये आणलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरवलं. पुढे 1952 मध्ये त्यांनी कब एफ हे इंजिन काढलं, पांढरी टाकी आणि लाल इंजिन, मागच्या चाकाच्या बाजूला बसणारं. त्यासाठी त्यांनी पत्रं कुणाला लिहिली? सायकलच्या दुकानदारांना. पन्नास हजारांहून जास्त. इंजिन कंपनीचं, पण ते बसवणारा हात सायकलवाल्याचा, ज्याला कुठली रिम किती सोसते हे माहीत. मला यातलं शहाणपण फार आवडतं.

आपल्याकडे 1972 मध्ये कायनेटिकची लूना आली. तिला पायडल होते म्हणून लोक तिला इंजिन लावलेली सायकलच समजायचे. तशी ती नव्हती. तिची फ्रेम, चाकं, ब्रेक, सगळं इंजिन धरून आखलेलं होतं. किटमध्ये गंमत उलटी असते: इंजिन कारखान्यातून येतं आणि बाकीची मोटारसायकल तुमच्या घरी पडलेली असते.

आता हे चाक. जरा पुढे या कुणीतरी. हं, तू ये. एका बाजूचे स्पोक मोज. मोठ्याने मोज.

वीस. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून 40. आपल्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 अशी जुनी रीत. आता किटमधलं हे मोठं स्प्रॉकेट घ्या. ते हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, बसत नाही, थेट स्पोकांना आवळायचं असतं. दोन रबरी चकत्या, एक स्पोकांच्या आतून, एक बाहेरून, आणि मधून नऊ बोल्ट. भोकं मोज. नऊच. आता सांग, नऊ बोल्ट वीस स्पोकांच्या मधून सारख्या अंतरावर कसे जातील?

जात नाहीत. हे स्प्रॉकेट 36 स्पोकांच्या चाकासाठी आहे. तिथे एका बाजूला 18, दर दोन स्पोकांमागे एक बोल्ट, चोख बसतं. इथे दोनतीन बोल्ट सरळ स्पोकावर येतात. मग आपला माणूस काय करतो? स्पोक जरा वाकवतो आणि बोल्ट घुसवतो. बसलं! दहा मिनिटांत काम झालं म्हणून खूश. आणि शंभर किलोमीटरमध्ये हबजवळ पहिला स्पोक तुटतो, वळणावर, भरल्या पिशव्यांसह. खोकं उघडायच्या आधी स्पोक मोजा, एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी माझा येण्याजाण्याचा खर्च वसूल. 36 चं चाक विणून घ्या. सायकलवाला विणून देतो.

बोल्ट आवळताना एकेक पूर्ण आवळत जायचं नाही. समोरासमोरचे थोडे थोडे, फुली मारल्यासारखे. मग चाक फिरवायचं आणि स्प्रॉकेटच्या दात्यांजवळ पेन्सिल धरायची, रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना धरतो तशी. पेन्सिलीला कुठे लागतं, कुठे सुटतं ते बघत बसायचं. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालेल. जास्त असेल तर साखळी एका फेऱ्यात ताणली जाते आणि ढिली पडते, ताणली जाते आणि ढिली पडते, आणि एक दिवस उतरते. मला या कामाला अख्खी संध्याकाळ लागली होती. घरच्यांना वाटलं, माणूस चाकाशी बोलतोय.

आता माझी फजिती. किटमध्ये साखळी ताणायला एक छोटी पुली येते, मागच्या चिमट्याच्या दांड्यावर क्लॅम्पने बसवायची. मी ती नीट आवळली, अशी माझी समजूत. चढावर जोर आला तसा क्लॅम्प दांड्यावर फिरला आणि पुली आत, थेट स्पोकांमध्ये. चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही. कोपर अजून पावसाळ्यात आठवण करून देतं. नंतर क्लॅम्पमधून एक स्क्रू दांड्यात घातला. त्याहून बरा उपाय म्हणजे साखळीची कडी कमी करून आणि चाक मागे ओढून पुलीची गरजच ठेवायची नाही. आणखी एक: इंजिनची साखळी डावीकडून ओढते, त्यामुळे एक्सलचं डावं टोक पुढे सरकतं आणि टायर फ्रेमला घासतो. डावा नट पहिल्या आठवड्यात रोज तपासा.

ब्रेक. दांड्याचे ब्रेक रिमला आतून रबर लावतात. कोरड्यात ठीक. ओल्या रिमवर ते फक्त विनंती करतात. त्यात किटचं दहाएक किलो वजन वाढलेलं. पुढे ड्रम ब्रेकचं हब मिळालं तर उत्तम, नाहीतर निदान ॲल्युमिनियमची रिम आणि कॅलिपर ब्रेक. यावर पैसे खर्च करायला कुणालाच आवडत नाही, कारण ब्रेक आवाज करत नाही.

एवढं झालं की मग इंजिन. फ्रेमच्या व्हीमध्ये दोन क्लॅम्पवर बसतं. मधे रबर घालू नका. गादी केली की इंजिन नाचतं आणि ते धरून ठेवणारे बोल्ट, म्हणजे स्टड, तुटतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल सुरुवातीला लिटरला 60 मिली, इंजिन मुरल्यावर 40. वायरिंगवर वेळ घालवत नाही. निळ्याला निळी, काळ्याला काळी. पांढरी उरते, तिच्या तोंडाला टेप लावा आणि विसरून जा. चालू करायची रीत सोपी: क्लच दाबायचा, पायडल मारून वेग घ्यायचा, क्लच सोडायचा. फटफटफट. तो पहिला आवाज ऐकताना साठीचा माणूसही दहा वर्षांचा होतो, ते मी नाकारत नाही.

प्रश्न आलाय: "सर, फवारणीच्या पंपाचं किंवा ग्रासकटरचं इंजिन लावलं तर?" चांगला प्रश्न. होंडांनी तरी दुसरं काय केलं होतं? 25 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण एक हॉर्सपॉवर देतं. तुम्ही जीव तोडून पायडल मारलं तरी तासभर त्याचा चौथा हिस्सा देऊ शकणार नाही. पण ते मिनिटाला 7000 फेऱ्यांवर चालतं. 28 इंची चाक ताशी 25 ने पळवायचं तर मधे 37 पट घट पाहिजे. एका साखळीत ते होत नाही, दोन टप्पे करावे लागतात, आणि तिथेच बहुतेक प्रयोग भंगारात जातात.

या 25 आकड्याला आणखी एक महत्त्व आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात, कलम 2 च्या 28 व्या व्याख्येत, चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन मोटार वाहनात धरलेलं नाही. हे खोक्यातलं 66 चं मात्र धरलेलं आहे. म्हणजे नोंदणी, विमा, लायसन्स, सगळं आलं. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्सही 50 सीसीपर्यंतचंच. घरी जोडलेल्या सायकलला नंबर कोण देणार? तेव्हा हे वर्कशॉपच्या आवारात किंवा शेतात चालवा. रस्त्यावर हवालदाराने अडवलं तर माझं नाव सांगू नका.

बरं, ते खोकं तसंच राहू द्या. आज ते उघडायचं नाही. तू, मघाशी स्पोक मोजलेस तो, तो पंधराचा पाना घे. एक्सल सोडव, छर्रे या ताटलीत काढ, आणि रिमचा आऊट किती आहे ते आधी मला दाखव.