गाणारा नर, चोचीतली अळी

(दृश्य: अंधुक उजेड. बागेतला दिव्याचा खांब. लांबून येणारी दयाळाची शीळ.)

सूर्य उगवायला अजून अर्धा तास आहे. फिरायला येणारी मंडळी आलेली नाहीत, रस्ताही अजून जागा झालेला नाही. दिव्याच्या खांबावर बसलेला दयाळ मात्र कधीपासून गातो आहे. काळापांढरा नर. शेपटी ताठ, आणि शीळ दर वेळी थोडी वेगळी.

मी नोंदवहीत लिहिते: वेळ, जागा, दयाळ, नर, गातोय. बस, इतकंच. घरट्याबद्दल एक अक्षरही नाही, कारण घरट्याबद्दल मला अजून काहीच कळलेलं नाही.

(दृश्य: झाडावर उतरणारा साळुंक्यांचा थवा.)

बागेत पक्षी दिसले म्हणजे बागेत त्यांची वीण होते, असं आपण सहज धरून चालतो. पण कुणी इथे पाणी प्यायला येतं, कुणी वडाची फळं खायला, कुणी फक्त रात्रीच्या मुक्कामाला. संध्याकाळी साळुंक्यांचा थवाच्या थवा एका झाडावर उतरतो, कान किटतात. त्यांतल्या कितीजणींनी या बागेत पिल्लं वाढवली? त्या गोंगाटातून याचं उत्तर मिळत नाही. विणीच्या हंगामातलं सर्वेक्षण याच उत्तरासाठी असतं: या बागेत पिल्लं जन्मतात का, आणि उडण्याइतकी मोठी होतात का?

त्यासाठी पुराव्याच्या तीन पायऱ्या मानतात. शक्यता, दाट शक्यता आणि खात्री. योग्य ऋतूत, योग्य जागी नर गातोय, ही झाली शक्यता. आठवड्यानंतर त्याच जागी तो पुन्हा गाताना सापडला, किंवा जोडी ढोल्या धुंडाळताना दिसली, तर दाट शक्यता. आणि खात्री? ती बहुतेक वेळा चोचीत असते.

(दृश्य: फांदीवर शिंपी. चोचीत हिरवी अळी. तो इकडेतिकडे पाहतो, उडत नाही.)

हा शिंपी बघा. भूक लागली असती तर ही अळी त्याने केव्हाच गिळली असती. तो ती धरून बसलाय, आणि आपण जायची वाट बघतोय. जवळच कुठेतरी पिल्लं आहेत. अशा वेळी मी दोन पावलं मागे सरकते, मग आणखी दोन. तो खालच्या झुडपात शिरतो आणि रिकाम्या चोचीने बाहेर येतो. झाली खात्री. घरटं मी पाहिलेलं नाही, पाहायची गरजही नाही.

काही वेळा उलटा पुरावा मिळतो. पक्षी झुडपात जातो आणि बाहेर येताना चोचीत काहीतरी पांढरं असतं. ती पिल्लाची विष्ठा. बऱ्याच लहान पक्ष्यांच्या पिल्लांची विष्ठा पातळ पडद्याच्या पिशवीत बाहेर येते, आणि आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात. घरटं स्वच्छ राहतं, शत्रूला माग लागत नाही. पहिल्यांदा ही पांढरी पिशवी ओळखता आली, त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते आजही आठवतं.

पण चोचीतला प्रत्येक घास पिल्लासाठीच असतो, असंही नाही. वेडा राघू चतुर पकडतो आणि तारेवर शेजारी बसलेल्या मादीला देतो. अजून अंडीही घातलेली नसतील. तिथे नोंद ‘जोडी’ अशीच करायची. घाईने केलेली खात्रीची नोंद पुढे कुणाला तपासता येत नाही, म्हणून ही काटेकोर शिस्त.

(दृश्य: बागेचा हाताने काढलेला नकाशा. त्यावर पेन्सिलच्या खुणा.)

मोठं क्षेत्र असेल तर ठरावीक थांबे घेतात. दर थांब्यावर तितकीच मिनिटं उभं राहायचं, दिसेल आणि ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा. उत्तर अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेलं वीणपक्ष्यांचं सर्वेक्षण आजही असंच चालतं: एका मार्गावर ५० थांबे, प्रत्येकी तीन मिनिटं.

शहरातल्या बागेत एवढे थांबे मावत नाहीत. तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून थांब्यांमध्ये साधारण दोनशे मीटर अंतर ठेवलं, तर लहानशा बागेत दोन-तीनच बसतात. तिथे मला नकाशाची जुनी पद्धत जास्त आवडते. ब्रिटनमध्ये १९६२पासून नेहमीच्या पक्ष्यांची गणना याच पद्धतीने अनेक वर्षं होत होती. हंगामात आठ-दहा फेऱ्या. दर फेरीला कोरा नकाशा, आणि पक्षी जिथे दिसला तिथे खूण. शेवटी एकेका जातीच्या सगळ्या फेऱ्यांच्या खुणा एका कागदावर उतरवायच्या. विखुरलेल्या खुणा घोळक्याघोळक्याने गोळा होतात. साधारण एक घोळका म्हणजे एका जोडीचा इलाखा.

यात सगळ्यांत मोलाची खूण कोणती? दोन नर एकाच वेळी गाताना ऐकू आले, तर दोघांमध्ये ओढलेली तुटक रेघ. हे दोन वेगळे पक्षी आहेत, याची ती साक्ष. अशी एक रेघ मिळावी म्हणून पाच मिनिटं जास्त उभं राहावं लागलं, तर खुशाल राहावं.

(ध्वनी: वाहनांचा वाढता आवाज. पक्ष्यांचे आवाज त्यात बुडतात.)

शहरातली खरी अडचण ही. हा आवाज.

वाहतुकीची घरघर खालच्या पट्टीतली असते. भारद्वाजाचा घुमणारा हुंकारही खालच्याच पट्टीतला, त्यामुळे तो तिच्यात सहज हरवतो. पक्षी बागेत असतो, वहीत नसतो. पक्ष्यांनाही हा गोंगाट सोसावा लागतो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात संशोधकांनी वल्गुली (ग्रेट टिट) या लहान पक्ष्याच्या नरांची गाणी ध्वनिमुद्रित केली. गोंगाटाच्या जागी राहणारे नर गाण्यातले खालचे सूर वर चढवून गात होते. ते संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. २०२०मध्ये टाळेबंदीने सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते शांत झाले, तेव्हा तिथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या. आवाज कमी, तरी गाणं पूर्वीपेक्षा लांबवर पोचत होतं.

म्हणून वहीत गोंगाटासाठीही एक रकाना हवा. सुट्टीच्या दिवशीची पहाट आणि कामाच्या दिवशीची सकाळ यांचे आकडे शेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढू नये. शक्यतो सगळ्या फेऱ्या एकाच वेळेच्या, वारा-पाऊस नसलेल्या असाव्यात.

आणखी एक चकवा शांततेचा आहे. जोडी जमली की बऱ्याच जातींचे नर कमी गातात. घरट्यात अंडी आली की आणखी गप्प होतात. सुरुवातीच्या फेऱ्या चुकवून कुणी मधल्या फेऱ्यांना आलं, तर त्याला वाटेल, बाग ओस पडली. प्रत्यक्षात तेव्हाच ती सर्वांत भरलेली असते.

(दृश्य: कावळा एका मोठ्या, कर्कश ओरडणाऱ्या पिल्लाला भरवतोय.)

कोकीळ पहाटेपासून साद घालतो, पण त्याचं घरटं शोधायला जाऊ नका, ते नसतंच. कोकिळा अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. तिची खात्रीची नोंद मिळते ती अशी, दुसऱ्याच्या चोचीतून. कावळा भरवतोय, नोंद कोकिळेच्या नावावर. हे दृश्य मी कितीदा पाहिलं तरी पुढे पाय निघत नाही.

कावळ्यांचा विषय निघाला म्हणून एक कळकळीची विनंती. घरटं शोधू नका. आपण झुडूप बाजूला करतो, तेव्हा वरून कावळा बघत असतो. गवतात आपली वाट उमटते, त्या वाटेने मांजर येतं. शिंप्याने जिवंत पानं कोळ्याच्या जाळ्याने, कापसाच्या धाग्यांनी शिवलेली असतात. फोटोसाठी ते पान उचललं तर टाके सुटतात. फोनवर गाणं वाजवून नराला चिडवूही नका. तो पिल्लांचं अन्न शोधायचं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो. पक्षी कर्कश ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालू लागला, तर समजा की तुम्ही फार जवळ आहात. तेवढं लिहा आणि निघा.

(दृश्य: वाळकी फांदी. तिच्या खालच्या बाजूला गोल भोक. त्यातून डोकावणारा तांबट.)

या फांदीबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. मेलेली, पोखरलेली, कुणालाही तोडावीशी वाटेल अशी. तांबटाला नेमकी अशीच मऊ फांदी लागते. तो तिच्या खालच्या अंगाने भोक पाडतो, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. बाकड्यावर, पायवाटेवर झुकलेली वाळकी फांदी तोडायलाच हवी, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. ही फांदी बागेच्या आतल्या कोपऱ्यात आहे, तिच्याखाली कुणी बसत नाही. छाटणी पिल्लं उडाल्यावर झाली, तर कुणाचं काय बिघडतं?

हे मी पहिल्यांदा बोलले ते बागेच्या माळीदादांशी. त्यांना ते भोक आधीच माहीत होतं. मी आठवड्यातून एकदा येते, ते रोज असतात. नकाशावर ती खूण आता त्यांच्याच हातची आहे.

(दृश्य: आठवी फेरी. दिव्याचा खांब रिकामा. कॅमेरा हळूहळू खाली, कुंपणाच्या झुडपाकडे.)

आज खांबावर कुणी नाही. शीळही नाही. दहा मिनिटं उभी आहे, नोंदवही कोरी आहे.

झुडपाखालून एक बारीक, किरटा आवाज येतो. करडी मादी पाचोळ्यात उड्या मारत पुढे, आणि तिच्यामागे तपकिरी, खवल्याखवल्यांचं एक पिल्लू. त्याची शेपटी अजून अर्धीही वाढलेली नाही. एवढ्याशा शेपटीवर ते फार दूरून उडत आलेलं नसणार. ते इथलंच आहे.

वेळ, जागा. दयाळ. आखूड शेपटीचं पिल्लू, मादी भरवतेय.