सहीची तारीख आणि मुहूर्ताची तारीख

मंडळी, आपल्या गोव्यात लग्नाला दोन तारखा असतात. आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं, पहिली सही करायची. हरकतींची मुदत संपली की दुसरी सही. कायद्याच्या दृष्टीनं लग्न तिथंच झालं. पण घरात कुणी तसं मानत नाही. "आता फक्त रजिस्टर झालंय, लग्न मार्गशीर्षात आहे," असंच आपण सांगतो. मग हॉल, भटजी, जेवणावळ, आणि मुलगी सासरी जाते ती त्या दिवशी. दोन्हींमध्ये चार-सहा महिने सहज जातात. इथंच राहणाऱ्यांचं त्यात काही अडत नाही. परदेशातल्या मुलाशी लग्न करून जाणाऱ्या मुलीचं मात्र आरोग्य विम्यात आणि व्हिसात अडतं, आणि मी आज त्याबद्दलच बोलणार आहे.

माझंच सांगते. आमचं रजिस्टर जूनमध्ये फोंड्याला झालं, लग्न डिसेंबरात. नवरा न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर नोकरीला. मुंबईच्या वकिलातीतून माझा एच-फोर, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा मिळाला आणि फेब्रुवारीत मी तिथं पोचले. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं कंपनीच्या एचआरला कळवलं, बायको आली, तिला विम्यात घ्या. उत्तर आलं की लग्नाच्या दिवसापासून ३० दिवसांत कळवायला हवं होतं. लग्नाचा दाखला त्यांनी पाहिला होता, आणि दाखल्यावर जूनची तारीख होती. आमची मुदत मी विमानात बसण्याच्या सात महिने आधीच संपली होती. पुढची संधी वर्षाअखेरच्या नोंदणीत, विमा लागू होणार जानेवारीपासून.

आम्ही प्रवासाची एक स्वस्त पॉलिसी काढली होती. एप्रिलमध्ये एका रात्री मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या. इमर्जन्सीत नेलं. तिथल्या १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला पैशांची चौकशी न करता रुग्णाला तपासावं आणि सावरावं लागतं, आणि मला त्यांनी नीट सावरलं. पण त्या कायद्यानं बिल माफ होत नाही. आमची पॉलिसी ठरावीक रकमेची होती: तपासणीला इतके डॉलर, स्कॅनला इतके, बस. उरलेली रक्कम नवऱ्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी भरली. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी इस्पितळात उपचार घेत वाढलेल्या, घरात दीनदयाळचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड असलेल्या मला ते बिल हातात घेऊन काही सुचेना.

म्हणून प्रवासी विमा घेणार असाल तर ठरावीक रकमेचा घेऊ नका. प्रत्यक्ष बिलाचा मोठा हिस्सा भरणारा सर्वसमावेशक प्रकार असतो, तो घ्या, थोडा महाग पडला तरी. आणि तोही तात्पुरता आधार समजा. जुना मधुमेह, थायरॉइड, बाळंतपण हे प्रवासी पॉलिसीत सहसा बसत नाही. कंपनीच्या विम्यात मात्र आधीपासूनचा आजार आहे म्हणून कुणाला वगळता येत नाही, २०१४ पासून तसा नियमच आहे. नवविवाहित मुलीला बाळंतपणाचा विचार करावाच लागतो. तेव्हा तिचं नाव त्या विम्यात जाणं हेच खरं काम.

ते कसं करायचं? सोपी वाट ही, की दुसरी सही झाली त्याच आठवड्यात मुलानं एचआरला दाखला पाठवून बायकोचं नाव घालावं. ती अजून म्हापशात असेल, काही महिन्यांचे हप्ते फुकट गेल्यासारखे वाटतील. जाऊ देत. मी मोजलेल्या रकमेपुढे ते हप्ते काहीच नव्हते. दुसरी वाट: जोडीदार परदेशातून येऊन पोचणं हीसुद्धा नोंदणीची संधी मानता का, हे कंपनीला आधीच लेखी विचारावं. काही कंपन्या मानतात, काही नाही. फोनवरच्या "हो, होईल" वर राहू नये. मानत असतील तर आगमनाचा पुरावा म्हणजे आय-९४ ची नोंद. ती ऑनलाइन मिळते, पोचल्यावर लगेच काढून ठेवावी. आणि तिसरी वाट आम्हाला कुणी सांगितलीच नाही: परदेशातून अमेरिकेत राहायला आलेल्या माणसाला सरकारी मार्केटप्लेसमधून, म्हणजे आरोग्य विमा मिळणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरून, स्वतःचा विमा घ्यायला ६० दिवस मिळतात. एच-फोरवरच्या व्यक्तीलाही, पूर्ण किमतीत का होईना. एप्रिलमधल्या त्या रात्री माझ्याकडे असा विमा असू शकला असता. एक बारीक गोष्ट: अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, एच-फोरवाल्या मुलीकडे तो बहुधा नसतो. तेवढ्यावरून विमा अडत नाही, नंबर नाही असं कळवून पुढे जायचं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, पण मुलीच्या आईवडिलांनी हे लग्न ठरवतानाच विचारावं, कारण तिचं पुढचं आयुष्य यावर बेतलेलं असतं. एच-फोरवर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच २०१५ च्या नियमानं कामाचा परवाना मागता येतो. मुलगा कंपनीच्या बदलीवर एल-वनवर गेला असेल, तर बायकोला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. विद्यार्थ्याच्या बायकोला काम नाही. आणि मुलाचं ग्रीन कार्ड जवळ आलं असेल, तर सहीची तारीख पुन्हा महत्त्वाची होते. नोकरीतून मिळणारं कार्ड मंजूर होण्याआधी कायदेशीर लग्न झालेलं असेल, तर बायकोला त्याच रांगेतली जागा मिळते. नंतर झालं, तर तिच्यासाठी नवा अर्ज आणि वेगळी रांग. मुहूर्त पुढे गेला म्हणून बिघडत नाही, पण सही पुढे ढकलू नका.

विलायतेत विमा वेगळा घ्यावा लागत नाही, व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरायचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. ३३ महिन्यांच्या जोडीदार व्हिसासाठी ३,१०५ पौंड अर्जाबरोबर एकदमच भरायचे. त्यानंतर तिथली सरकारी आरोग्यसेवा तुमची, पण पोचताच घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा, आजारी पडायची वाट पाहू नका. आता इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणारे आपले पोर्तुगीज पासपोर्टवाले गोवेकर. त्यांच्या बाबतीतही तारीखच आडवी येते. ब्रिटननं जुन्या युरोपीय रहिवाशांना दिलेला राहण्याचा दर्जा ज्याच्याकडे आहे आणि ज्याचं लग्न ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालं आहे, त्याच्या बायकोला फी नाही, अधिभार नाही. त्यानंतर जमलेल्या आणि झालेल्या लग्नाला मात्र सर्वसाधारण नियम: वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवा, फी भरा, अधिभार भरा. दोन भावांचा पासपोर्ट एकच, पण एकाच्या बायकोला वाट मोकळी आणि दुसऱ्याच्या बायकोला या सगळ्या अटी, अशी घरं आपल्याकडे आहेत. मला हे फार लागतं, पण नियम तसा आहे. आणि मुलगा मार्च २०२४ ते जुलै २०२५ या काळात केअर वर्करच्या व्हिसावर तिकडे नव्यानं गेला असेल, तर बायकोला नेताच येत नाही. हे लग्नाआधी स्पष्ट विचारून घ्या.

दुबईत बायकोचा विमा काढण्याची जबाबदारी कायद्यानं तिला बोलावणाऱ्या नवऱ्यावर आहे. त्याची कंपनी तो देतेच असं नाही, तेव्हा नेमणूकपत्रात पाहावं.

आत येताना एका बाईंनी मला दारात थांबवलं. मुलीचं रजिस्टर होऊन तीन आठवडे झाले, लग्न दिवाळीनंतर, जावई टेक्सासला. "ती गेली की बघू ना विम्याचं?" त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, एकवीस दिवस गेले, नऊ उरलेत. तिकडे आता सकाळ असेल. बाहेर व्हरांड्यात जा आणि जावयांना फोन लावा, तुमच्यासाठी मी थांबते.