रुळांवरचा काळा लेप

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर उजाडला आणि गाड्या उशिरा धावू लागल्या, की स्थानकावर ठरलेले कारण ऐकू येते : रुळांवर पाने पडली आहेत. या कारणाची तिथे वर्षानुवर्षे थट्टा होत आली आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनीही, शेकडो टनांच्या गाडीला झाडाचे पान कसे काय अडवते, असे मनाशी म्हटले असेल. शंका रास्त आहे. मात्र गाडीला अडचण होते ती पानाची नसून पानातून जे पाझरते त्याची असते, आणि ती अडचण गाडी अडण्याची नसून न थांबण्याची असते.

पोलादी चाक पोलादी रुळावर जेमतेम बोटाच्या नखाएवढ्या जागेत टेकते. गाडीचा वेग वाढवणे आणि तो आवरणे, ही दोन्ही कामे तेवढ्याशा जागेतल्या पकडीवर चालतात. नेहमीच्या ब्रेकला घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती आहे ते सांगणारा आकडा, ०.१ च्या आसपास असला तरी पुरतो आणि कोरड्या रुळावर तो त्याच्या दुपटीहून अधिक असतो. पानांचा लेप बसलेल्या रुळावर मात्र तो ०.०५ च्याही खाली उतरू शकतो. आपल्याकडे गाडी घसरली म्हटले की ती रुळांवरून खाली उतरली असे समजले जाते. इथे मी बोलतो आहे ते घसरणे निराळे आहे : गाडी रुळांवरच असते, ब्रेक लागलेले असतात, चाकांचे फिरणे मंदावलेले असते, आणि तरीही गाडी पुढे सरकतच राहते.

हा लेप नुसत्या चिरडलेल्या पाल्याचा असावा, असे पुष्कळ काळ मानले जात होते. शेफिल्ड विद्यापीठातील संशोधकांनी सिकॅमोर झाडाची पाने घेऊन प्रयोगशाळेत त्याची उकल केली आणि २०२० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानांतील टॅनिन ही तुरट द्रव्ये पाण्यात उतरतात, रुळातील लोहाशी त्यांचा संयोग होतो आणि त्यातून काळा, चिवट, अतिशय निसरडा थर तयार होतो. मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट मुळीच नवी नाही. लोखंडी विळीवर आवळे चिरले की पाते निळसर काळे पडते आणि नुसत्या पाण्याने ते डाग जात नाहीत. हिरडा आणि हिराकस हा लोहाचा क्षार एकत्र करून पूर्वी शाई करीत, तीही याच संयोगातून. ब्रिटनच्या रुळांवर दर शरद ऋतूत चाकांच्या दाबाखाली एक प्रकारची शाईच घोटली जाते, असे म्हणायला हरकत नाही.

यात पाण्याची भूमिका मोठी चमत्कारिक आहे. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो आणि कोरडा लेप त्या मानाने बरा असतो. खरा धोका असतो तो दवाचा आणि भुरभुर पावसाचा, कारण तेवढा ओलावा लेप भिजवतो पण वाहून नेत नाही. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी संध्याकाळी सॉल्झबरीजवळच्या बोगद्यापाशी, दोन मार्ग जिथे एकत्र येतात तिथे, एक गाडी लाल सिग्नल ओलांडून घसरत गेली आणि दुसऱ्या गाडीवर आदळली. आदळलेल्या गाडीचा चालक गंभीर जखमी झाला. रुळांवर पानांचा लेप होता आणि गाडी तिथे पोहोचण्याच्या थोडेच आधी भुरभुर पाऊस पडून गेला होता, असे चौकशीत आढळले.

हा लेप काढण्यासाठी खास गाड्या सुमारे १,५०० बार इतक्या प्रचंड दाबाने पाण्याचे फवारे मारत जातात आणि मागे पकड वाढवण्यासाठी वाळू मिसळलेले दाट जेल सोडतात. अडचण अशी की एका मोठ्या झाडाला दहा ते पन्नास हजार पाने असतात. सकाळी धुतलेल्या रुळावर दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पाचोळा येतो. लेझरने लेप जाळून पाहिला गेला आहे. कोरड्या बर्फाचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, कण रुळावर मारण्याची पद्धत शेफिल्डमध्येच विकसित झाली. उणे ७८ अंशांच्या त्या कणांनी लेप ठिसूळ होतो, आणि कणांचे क्षणात वायूत रूपांतर होताना तो उखडला जातो. कल्पना देखणी आहे, पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचे काम झाले ते वाळूवर.

चाकापुढे वाळू सोडण्याची युक्ती वाफेच्या इंजिनाइतकी जुनी आहे. मग तिच्यात संशोधन करण्यासारखे काय राहिले, असे कोणी विचारील. वाळू फार झाली तर चाक आणि रूळ यांच्यामधला विजेचा संपर्क तुटतो, आणि त्या संपर्कावर चालणाऱ्या सिग्नल यंत्रणेला उभी गाडीसुद्धा दिसेनाशी होते. म्हणून वाळूच्या प्रमाणावर कडक मर्यादा होत्या. गाडीच्या वेगाप्रमाणे वाळू कमी-अधिक सोडायची आणि ती एकाऐवजी दोन ठिकाणी सोडायची, अशा रचनेच्या चाचण्या झाल्या. निसरड्या रुळावरही गाडी पुष्कळ कमी अंतरात थांबते असे त्यांत दिसले, आणि अशी यंत्रे आता गाड्यांवर बसवली जात आहेत.

मात्र वाळू चाकापर्यंत पोहोचली तरच उपयोग. नोव्हेंबर २०१० मध्ये ससेक्समधील स्टोनगेट स्थानकावर थांबायची असलेली गाडी ब्रेक लावूनही जवळजवळ चार किलोमीटर पुढे गेली. तिच्या पुढच्या टोकाच्या पेट्यांत वाळूच उरली नव्हती. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी वेल्समधील टॅलर्डिगजवळ एकाच मार्गावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांची टक्कर होऊन एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यांपैकी जी गाडी थांबायच्या जागी थांबू शकली नाही, तिच्या पुढच्या डब्याची तपासणी झाली तेव्हा वाळू सोडणाऱ्या नळ्या तुंबलेल्या आढळल्या.