पुठ्ठ्याच्या खोक्यातील रेशीम

या चित्रफितीच्या सुरुवातीला कागदाला चिकटलेले दिसतात ते ठिपके रेशीमकीटकाची अंडी आहेत. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानात ती १० ते १२ दिवसांत फुटतात आणि त्याआधी एक-दोन दिवस, येथे दिसते त्याप्रमाणे, कवचातून अळीचे डोके काळ्या टिंबासारखे डोकावू लागते.

अंड्यातून निघालेली अळी जेमतेम ३ मिलिमीटर लांब, काळी आणि केसाळ असल्याने पाहणाऱ्याला ती मुंगीच वाटते. तिला बोटाने न उचलता मऊ ब्रशने तुतीच्या कोवळ्या, बारीक चिरलेल्या पानांवर सोडावे. पाने ओली नसावीत, फवारणी केलेली तर मुळीच नसावीत. खोलीत लावलेली डासांची अगरबत्तीसुद्धा अळ्यांचा घात करू शकते.

आता या अळीकडे पाहावे. डोके वर उचलून ती निश्चल बसली आहे आणि समोरच्या पानाकडे तिचे लक्ष नाही. नवशिक्या पाळणाऱ्याला ती आजारी वाटते आणि तो तिला हळूच ढकलून पाहतो. वस्तुतः ती कात टाकण्याच्या तयारीत आहे. त्यासाठी तिने रेशमाच्या अगदी बारीक तंतूंनी आपले पाय खालच्या पानाशी बांधून घेतले आहेत, कारण जुनी कातडी जागेवर अडकून राहिली तरच तिला त्यातून पुढे सरकता येते. ढकलल्याने नेमका हाच आधार तुटतो. जुन्या डोक्याचे कवच मुखवट्यासारखे पुढे सरकते, त्यामागे फिकट, मोठे नवे डोके दिसते, मानेजवळ कातडी फाटते आणि अळी मोज्यातून पाय काढावा तशी बाहेर येते. सुमारे दिवसभराचा हा प्रकार आयुष्यात चार वेळा घडतो. त्या काळात खोक्यात हात घालू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगू, आणि म्हणूनच हे दृश्य येथे लांबवले आहे.

चौथ्या कातीनंतर अळीची भूक अनावर होते. आयुष्यभराच्या पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला ती या शेवटच्या आठवड्यात खाते. आपण ऐकत आहात तो पावसाच्या सरीसारखा आवाज पाने कुरतडल्याचा आहे.

मग खाणे थांबते, अंग पिवळसर, पारदर्शक दिसू लागते आणि अळी आडोसा शोधते. व्यावसायिक संगोपनात यासाठी चंद्रिका, म्हणजे कोष विणायला आडोसे देणारी चौकट, वापरतात. घरी कागदी नळ्या पुरतात. इंग्रजी आठाच्या आकड्यात डोके फिरवत ती दोन-तीन दिवसांत कोष पूर्ण करते. चांगल्या कोषातील सलग धागा १००० मीटरहून अधिक भरतो. तो अखंड हवा असेल तर आतील प्युपा (अळी आणि पतंग यांच्यामधल्या अवस्थेतला कीटक) उष्णतेने मारावा लागतो. या खोक्यातील कोष आम्ही तसेच राहू दिले.

साधारण दोन आठवड्यांनी कोषाचे टोक ओले होते आणि पांढरा पतंग बाहेर येतो. तो खात नाही, त्याला उडताही येत नाही. पंख फडफडवत मादीभोवती फिरणारा हा नर तिच्या गंधाने खेचला गेला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये ओळखलेला हा गंधद्रव्याचा रेणू म्हणजे बॉम्बिकॉल.

मादी ३०० ते ५०० अंडी घालते आणि काही दिवसांत मरते. पिवळी अंडी करडी पडली की ती काही महिने थंडीत ठेवावी लागतात. एक अळी २० ते २५ ग्रॅम पाला खाते. म्हणजे ४०० अंड्यांमागे ८ ते १० किलो पाला लागतो. अंगणातले तुतीचे झाड लहान असेल, तर त्यातली मूठभर अंडीच उबवावीत.