व्हित्तोरियाची द्राक्षे आणि लहान वाइनरी

श्रोतेहो, नमस्कार. सिसिली बेटाच्या आग्नेय भागातील व्हित्तोरिया या गावी १९८० साली जांबात्तिस्ता चिलिया, जुस्तो ओक्किपिंती आणि चिरिनो स्त्रानो या तीन तरुण मित्रांनी वाइन तयार करायला सुरुवात केली आणि आडनावांच्या इटालियन आद्याक्षरांवरून (C, O, S) आपल्या वाइनरीला ‘कॉस’ हे नाव दिले. सिसिलीतील बरीचशी वाइन त्या काळी ठोक भावाने बाहेर जाऊन इतरांच्या वाइनमध्ये मिसळली जाई. या मित्रांनी मात्र नेरो दावोला आणि फ्रापातो या तेथल्याच वाणांवर भिस्त ठेवली. २००५ मध्ये याच दोन वाणांच्या चेरासुओलो दि व्हित्तोरिया या वाइनला इटलीतील सर्वोच्च भौगोलिक दर्जा मिळाला. सिसिलीत तो मिळवणारी ती पहिलीच.

स्थानिक वाण निवडण्यामागे केवळ अभिमान नसतो. नेरो दावोला कडक उन्हातही आपली आम्लता टिकवून धरते, आणि नैसर्गिक वाइनमध्ये ही आम्लताच जंतूंना रोखणारी पहिली राखण असते, कारण येथे बाजारचे यीस्ट घालत नाहीत आणि सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग, वापरलेच तर अगदी अल्प प्रमाणात वापरतात. जे घालायचे नाही, त्याची भरपाई स्वच्छतेने करावी लागते. कुजका घड बागेतच वेगळा काढावा लागतो. रस फार तापला तर यीस्ट मरगळते, साखर अर्धवट उरते आणि तिच्यावर जंतू पोसले जातात. आंबवण संपल्यावर तर अर्धी भरलेली टाकी हाच मोठा शत्रू, कारण मोकळ्या जागेतील हवेने वाइनचे व्हिनेगर होऊ लागते. म्हणूनच एका मोठ्या टाकीपेक्षा निरनिराळ्या मापांची लहान भांडी घ्यावीत, असे माझे मत आहे. कॉसने २००० सालापासून मातीचे रांजणही वापरात आणले. ते दिसतात देखणे, पण धुण्याचे काम काही कमी करत नाहीत.

आंबताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे ‘शून्य सल्फाइट’ हा दावा जपूनच ऐकावा. युरोपात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सल्फाइट असल्यास लेबलवर तसे छापणे बंधनकारक आहे.

आपल्या नाशिकच्या बागायतदारांनी हे वाण जसेच्या तसे उचलू नयेत. सिसिलीत वेल हिवाळ्यात झोपी जातो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) यांवर सारे गणित बेतलेले असते. नव्या लागवडीला कामापुरते पीक यायला साधारण तिसरे वर्ष उजाडते आणि त्यानंतर वाइन मुरायची असते, म्हणून भांडवल थोडे असणाऱ्याने आधी जुनी बाग खंडाने घेऊन सुरुवात करणे अधिक सोयीचे.