कोण करतं त्यांचं?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं. "तिनं सासूचं खूप केलं हो!" काय केलं, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. क्रियापद आहे, कर्म गायब. आणि हे वाक्य बहुतेक वेळा बोललं जातं ते तेराव्याला, पानं वाढलेली असताना.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता, सात वर्षं. त्यांचं मी 'केलं'. तेव्हा आज जरा कर्मासकट सांगते.

अंघोळीचं नाव काढलं की त्या पलंगाचा कठडा घट्ट धरून बसायच्या. मग तो शब्दच घरातून हद्दपार केला. "चला, डोक्याला तेल लावते" म्हणून न्हाणीघरात न्यायचं. रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा. औषधं गिळली की गालात ठेवली, ते बघायचं. आणि संध्याकाळ! दिवेलागणीला त्या पिशवी भरायला घ्यायच्या. "मला घरी जायचंय." घर म्हणजे चिपळूणचं, ते विकून चाळीस वर्षं झालेली. दोन वर्षं मी त्यांना पटवत बसले, "आई, हेच आपलं घर." त्या रडायच्या, मी चिडायचे, जेवणं राहायची. मग एकदा वैतागून म्हटलं, चला. चपला घातल्या, तलावपाळीला फेरी मारली, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि आमच्याच दारात परत आलो. आई म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं घर."

ही युक्ती मला दोन वर्षं उशिरा सापडली. औषधाच्या चिठ्ठीवर ती येत नाही. ज्यानं अशा संध्याकाळी काढल्यात, त्यालाच ती ठाऊक असते.

आई गेल्या. महिन्याभरात खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबले. काकूंचं तसंच सुरू झालं होतं. "संध्याकाळी तुम्ही काय करत होता हो?" एवढंच विचारलं. तिथून हे सगळं सुरू झालं. आता दर गुरुवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-सोळा जण बसतो. ऐरोली, कोपरखैरण्याहूनही ट्रान्सहार्बर लोकलनं लोक येतात. गटाला नाव नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो.

आमच्यासारख्यांना मराठीत एक छान शब्द आहे, 'शुभंकर', आणि ज्याचं करायचं तो 'शुभार्थी'. मानसिक आरोग्याच्या कामात हे शब्द चांगले रुजलेत. घरच्या आजारपणातून उठून दुसऱ्यांसाठी उभं राहणंही आपल्याकडे नवीन नाही. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवायचे. पत्नीला स्किझोफ्रेनिया. त्या अनुभवातून त्यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. केरळात डॉ. जेकब रॉय यांनी वडिलांच्या अल्झायमरनंतर 1992 मध्ये या आजाराची देशव्यापी संस्था सुरू केली. आणि आमच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची संस्था, 1990 पासून आहे. माझ्या घरापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ. सात वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नाही. वेळ नव्हता, असं मी सांगते. खरं म्हणजे, घरातलं बाहेर कशाला, ही खोड.

आता माझी एक चूक. सुरुवातीला मी गटात मास्तरीण झाले होते. एक बाई म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, सुटाव्यात त्या एकदाच्या. त्याही आणि मीही." मी पटकन म्हटलं, "अहो, असं बोलू नये." त्या गप्प झाल्या. पुढचे तीन गुरुवार आल्याच नाहीत. आणि हेच मला स्वतःला किती रात्री वाटलं होतं! मी त्यांच्या घरी गेले, हे कबूल केलं, तेव्हा त्यांनी चहा टाकला.

कागदपत्रांचं मात्र ठासून सांगते, इथं मास्तरीण व्हायला माझी हरकत नाही. आईंचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार, आमच्याकडे होता. स्टॅम्पपेपर, शिक्के, सगळं. सही जुळेना, तेव्हा ते घेऊन मी एका बँकेत गेले. तिथं कळलं की माणसाची समज गेली, की त्यानं दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 201. म्हणजे छत्री अशी, की पाऊस आला की मिटते. पुढे पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. म्हणून निदान झाल्या झाल्या, माणूस समजून उमजून सही करतोय तोवर, खातं संयुक्त करा, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं. नामांकनं तपासा. मृत्युपत्राचा विषय काढा. वाईट दिसतं, पण काढा.

आमच्यात एक आई आहेत, त्यांचा मुलगा स्वमग्न. लहानपणी वाशीला महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात जायचा. तो अठरा वर्षांचा झाला आणि कायद्याच्या लेखी त्या त्याच्या पालक उरल्या नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ती समिती असते जिल्हाधिकाऱ्यांकडे. बेलापूरचा माणूस ठाण्याला येईल, पण पुढच्याच स्टेशनवरचा खारघरचा माणूस रायगड जिल्ह्यातला, त्याचं जिल्हा मुख्यालय अलिबाग! आता कुणी अर्जाला निघालं की या बाई आधी एकच विचारतात, "राहता कुठे?" त्यातून कितीजणांची खेप वाचलीय.

ऐरोलीच्या एका काकांच्या पत्नीला पार्किन्सन्स आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो येतो. त्याच कायद्याचं कलम 24 म्हणतं, की ज्यांना फार मदत लागते, त्यांच्यासाठी मदतनीस भत्त्याची तरतूद योजनांमध्ये असावी. अर्थात शासनाच्या आर्थिक कुवतीनुसार. काकांना हे कलम पाठ आहे आणि 'कुवतीनुसार' हा शब्द ते दात ओठ खाऊन म्हणतात. ते कार्यालयात एकटे जायचे, तेव्हा "नंतर या" मिळायचं. आता चौघं जातो. खुर्च्या तरी मिळतात.

आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर शुभंकराची व्याख्याच आहे. रुग्णासोबत राहून त्याची काळजी घेणारी व्यक्ती, नातेवाईक किंवा इतर कुणी, मोबदला घेऊन किंवा न घेता. 'मोबदला न घेता' हे वाचल्यावर आमच्यातल्या एकीनं पुस्तिका मागून घेतली. म्हणाली, नवऱ्याला दाखवते.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर "आता कशी आहे तब्येत?" हे विचारून झालेलं असतं. "दोन तास मी बसू का?" हे फारसं कुणी विचारत नाही. आमच्या गटात आता वहीच आहे, कुणी कुणाकडे कधी बसायचं याची. उद्या पाच वाजता माझी पाळी पाचपाखाडीत, एका आजींकडे. त्या मला त्यांची धाकटी जाऊ समजतात आणि माझ्यावर बांगड्या चोरल्याचा आळ आहे. सूनबाईंना केस कापून यायचेत, आठ महिने राहिलंय.

नमस्कार.