'मी दोनच घेतो' म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजच्या मुलांचं पिणं कमी करायचं म्हटलं की व्याख्यान ठरतं, शपथ होते. शपथ घेणाऱ्यांत रात्री बसणारेही असतात. हॉस्टेलच्या त्याच मजल्यावरचा मित्र जास्त उपयोगी पडतो, पण त्याला नेमकं काम दिलेलं हवं. उपदेश करायला लावलं की पोरं त्याला टाळू लागतात.

पहिलं काम मोजमापाचं. आपल्याकडे एक प्रमाणित पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. ३० मिली व्हिस्कीत, म्हणजे एका पेगमध्ये, साधारण तेवढं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहापट. आणि ६५० मिलीची, आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअर? 'नुसती बीअर' म्हणणाऱ्यानं एका बाटलीत चार पेग रिचवलेले असतात. यकृत तासाला जेमतेम एक पेग निपटतं. मुलांना स्टीलच्या ग्लासात आपापला 'एक पेग' पाणी ओतायला सांगा, मग मापानं मोजा. हात किती सैल आहे ते ज्याचं त्याला दिसतं.

दुसरं काम, निनावी प्रश्नावली. गेल्या महिन्यात किती वेळा प्यायलात, एका बैठकीत किती, आणि इतर किती पितात असं वाटतं? अमेरिकेत वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवलं की विद्यार्थी इतरांचं पिणं फुगवून धरतात आणि त्या समजुतीला धरून स्वतः पितात. खरा आकडा कमी निघाला तर तो फलकावर लावा. जास्त निघाला तर लावू नका. न पिणाऱ्यालाच आपण मागे पडलो असं वाटेल. कागदावर खोली क्रमांक विचारलात तर उत्तरं खोटीच येणार.

तिसरं काम रात्रीचं, आणि जीव यावरच अवलंबून असतो. 'झोपू दे, उतरेल' हे धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात जात राहते, म्हणून तासाभरानं अवस्था आणखी बिघडू शकते. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ निळसर, अंग गार: यातलं एकही दिसलं तर १०८ लावा. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, तोंड खाली झुकतं ठेवा. उताणं झोपवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते. ब्लॅक कॉफीनं दारू उतरत नाही, थंड पाण्यानं अंग आणखी गार पडतं, आणि घशात बोटं घालणं तर नकोच. एकानं शेजारी जागं राहायचं.

सकाळी हात थरथरतात, प्यायलं की थांबतात, असा मित्र असेल तर त्याला एकदम बंद करायला लावू नका. फिट येऊ शकते. तिथे मित्रांचं काम संपतं, डॉक्टरांचं सुरू होतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

एवढं शिकवूनही १०८ ला फोन केला जात नाही, कारण भीती रेक्टरची. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची, म्हणजे हॉस्टेलमधला जवळपास प्रत्येक पिणारा नियमाबाहेरच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं २००२ मध्ये वैद्यकीय माफीचा नियम केला. तसंच प्राचार्यांच्या सहीनं लेखी द्या: मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. त्याची एक प्रत फाटकावरच्या वॉचमनकडेही द्या, नाहीतर रात्री दोनला ॲम्ब्युलन्स परवानगीसाठी तिथेच थांबेल.